आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? : जुन्या गाण्यांच्या नव्या तबकड्यांची पारख

गाणे एकच, गायक एकच, ध्वनिमुद्रणही एकदाच झालेले. पण बाजारात त्याच्या तबकड्या मात्र अनेक. आधी ७८ फेऱ्यांची लाखेची रेकॉर्ड, मग एल.पी., मग कॅसेट, मग सीडी, त्यानंतर सुपर ऑडिओ सीडी आणि आता पुन्हा एकदा जाडजूड, महागडी एल.पी. प्रत्येक वेळी वेष्टनावर नवी ग्वाही असते : ‘रिमास्टर केलेले’, ‘२४ बिट’, ‘मूळ आवाजाच्या अगदी जवळ’. किंमतही त्याच हिशेबाने चढत जाते. शाळेच्या संग्रहासाठी एखादी तबकडी घ्यायची झाली, किंवा संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘यातली कोणती चांगली?’ असे विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे : दोन तबकड्यांत फरक ऐकू येतो तेव्हा तो बहुधा तबकडीच्या प्रकारामुळे नसतो. ती तयार करताना कोणी, कोणत्या प्रतीवरून, काय काय केले, यामुळे तो पडतो. ज्ञानेश्वरीच्या दोन छापील आवृत्त्यांत पाठभेद दिसले तर आपण कागदाची जाडी मोजत बसत नाही. संपादकाने कोणती पोथी वापरली हे विचारतो. तबकडीलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

पोहरा किती मोठा?

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात ध्वनीची मोजणी दर सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटमध्ये, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदली जाते. एखादे कंपन नीट नोंदवायचे तर एका आवर्तनात दोनापेक्षा जास्त मोजण्या लागतात. म्हणून सीडीत सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबल, या हिशेबाने सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातले अंतर सीडीत ९६ डेसिबलपर्यंत ठेवता येते.

सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आणि डीव्हीडी-ऑडिओ त्यानंतर लगेच आली. यांचा पोहरा सीडीहून बराच मोठा आहे; २४ बिटच्या तबकडीत हेच अंतर कागदावर १४४ डेसिबल भरते. आकडे खरे आहेत. प्रश्न एवढाच, की आडात पाणी किती आहे?

आडात किती पाणी?

१९२५ पूर्वीची ध्वनिमुद्रणे विजेशिवाय होत. गायक भोंग्यासमोर गाई, भोंग्याच्या टोकाचा पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणात खाच कोरी. या पद्धतीत ढोबळमानाने २०० ते २,००० हर्ट्झ एवढाच पट्टा चांगला उमटत असे. मायक्रोफोन आल्यावर ही मर्यादा पाच-सहा हजार, फार तर आठ हजार हर्ट्झपर्यंत गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ मध्ये भोंग्यासमोर रेकॉर्ड दिल्या आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनसमोर. एकाच गायकाची ही दोन काळांतली मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली, तर तंत्र बदलल्याने काय बदलते याचा सुंदर धडा मिळतो. अर्थात मधल्या तीस वर्षांत गाणेही बदलले, हे विसरू नये.

आता खरखरीचा विचार करू. या रेकॉर्ड लाखेच्या असत, पण निव्वळ लाखेच्या नसत. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. त्या भुकटीने पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी, असा हेतू होता. तीच भुकटी खरखरीचे मूळ आहे. उत्तम स्थितीतल्या ७८ च्या रेकॉर्डमध्येही गाणे आणि खरखर यांतले अंतर ४० डेसिबलच्या आसपास भरते. सहाने भागा : सुमारे सात बिट. म्हणजे सीडीचा १६ बिटचा पोहराच या आडासाठी मोठा आहे. २४ बिटच्या तबकडीत उरलेली जागा खरखरीच्या अधिकाधिक बारीक वर्णनाने भरेल, एवढेच.

इथे एक अपवाद सांगितला पाहिजे. जुन्या रेकॉर्डवरून पहिली प्रत घेताना मोठा पोहरा उपयोगी पडतो. ओरखड्याचा ‘टक’ असा आवाज फार तीक्ष्ण असतो. मोजण्या दाट असल्या तर तो गाण्यापासून वेगळा ओळखता येतो. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी २४ बिटची शिफारस करते ती अशाच कारणांनी. पाणी शेंदताना घागर मोठी असावी. प्यायला तांब्या पुरतो.

रिमास्टर करणाऱ्याचे चार निर्णय

पहिला निर्णय सुईचा. ७८ च्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिला साधारण ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, एल.पी.च्या सुईचे टोक याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे असते. एल.पी.ची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी, कचऱ्यातच फिरते. योग्य सुई भिंतींच्या कमी झिजलेल्या भागाला टेकते आणि नुसत्या सुईच्या निवडीने खरखर कमी होते.

दुसरा निर्णय वेगाचा. ‘७८’ हा आकडा स्थिर व्हायच्या आधी रेकॉर्ड निरनिराळ्या वेगांनी कोरल्या जात. समजा, मूळ कोरणी ७८ फेऱ्यांनी झाली आणि नवी प्रत ८० फेऱ्यांनी वाजवून घेतली. २४० हर्ट्झचा षड्ज २४६ हर्ट्झचा होईल, २०० सेकंदांचे गाणे १९५ सेकंदांत संपेल. आवाज थोडा पातळ, लय थोडी घाईची. गायकाचा स्वभावच बदलल्यासारखे वाटते आणि ऐकणारा म्हणतो, ‘त्या काळचे लोक असेच गात!’

मग यात श्रुतीही चुकतात का? हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीला प्रत्यक्ष गाऊन आधार देणारे गायक अब्दुल करीम खाँसाहेबच होते. उत्तर असे, की वेग सतत एकसारखाच चुकला असेल, तर श्रुती बिघडत नाहीत. सर्व वारंवारता एकाच पटीत वाढतात. षड्ज-पंचमाचे २:३ हे गुणोत्तर २:३ च राहते.

बिघाड होतो तो रेकॉर्डचे मधले भोक मध्यावर नसेल तेव्हा. भोक १ मिलिमीटर सरकलेले असले, तर १०० मिलिमीटर त्रिज्येच्या खाचेत स्वर १ टक्का वर आणि १ टक्का खाली झुलतो. शेवटच्या, ५० मिलिमीटर त्रिज्येच्या खाचेत २ टक्के. एक झोका पाऊण सेकंदाचा. प्रमाणश्रुती ८१/८० मानतात, म्हणजे सव्वा टक्का. भोकाच्या चुकीने पडलेला झोका तिच्याहून मोठा भरू शकतो! असल्या प्रतीवरून कोणी गायकाच्या आंदोलनांचा अभ्यास केला, तर तो गाण्याचा अभ्यास ठरणार नाही. रेकॉर्ड नीट मध्यावर बसवून घेणे हे काम कष्टाचे, पण साधे आहे. वेष्टनावर मात्र त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

तिसरा निर्णय खर्ज आणि तीव्र ध्वनींच्या समतोलाचा. खर्जाच्या ध्वनीत सुई फार मोठे हेलकावे घेते आणि शेजारची खाच फोडू शकते. म्हणून विजेवरच्या मुद्रणात खर्ज मुद्दाम दाबून कोरत. वाजवताना तो तेवढाच उचलावा लागतो. किती उचलायचा याचा एकच नियम १९५४ च्या सुमारास ठरला. त्यापूर्वी कंपनीगणिक रीत वेगळी होती. चुकीची रीत लावली की कसदार आवाज पोकळ होतो, किंवा बसका.

चौथा निर्णय सफाईचा. सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. खरखर काढणारा संगणक ‘जे सतत, एकसारखे चालू आहे ते नकोसे’ असे गृहीत धरतो. पण आपल्या गाण्यात सतत, एकसारखा चालणारा तंबोरा असतो! शिवाय ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने ध्वनीच्या दृष्टीने खरखरीच्या जवळची. सुपात जोराने पाखडले की कोंड्याबरोबर दाणेही उडतात, तसे सफाई वाढवली की तंबोरा पुसट होतो, शब्द बोथट होतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. पहिल्या क्षणी अशी तबकडी ‘स्वच्छ’ वाटते. पाच मिनिटे ऐकली की ती निर्जीव वाटू लागते.

याच्या उलट टोकाला आहे १९९० च्या दशकातली झंकार बीट्सची कॅसेट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांपासून लग्नाच्या मांडवापर्यंत तिचेच राज्य होते. जुन्या चित्रपटगीतावर नवा ठेका आणि घुमारा चढवायचा, असा तो प्रकार. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिथे भेसळ उघड होती, नावातच सांगितलेली होती. ‘मूळ आवाज’ असे लिहून तंबोरा पुसणारी तबकडी आम्हाला अधिक दोषास्पद वाटते.

केसरबाईंची तबकडी

या सगळ्याची कसोटी लावण्याजोगी एक तबकडी आपल्या माहितीची आहे. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत घेतली गेली. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती, पण रेकॉर्ड सहज मिळेना. शेवटी निवड मंडळातील ॲन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात सापडली. केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. तेव्हा दोन्ही याने नुकतीच पृथ्वी सोडून निघाली होती.

व्हॉयेजरची तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांची आहे. सुमारे दीड तासाचे संगीत एका तबकडीत बसवायचे, म्हणून वेग कमी ठेवला. २०१७ मध्ये अमेरिकेतील ओझ्मा रेकॉर्ड्स या संस्थेने १९७७ च्या मूळ फितींवरून या संगीताची नवी आवृत्ती काढली, तीन एल.पी.चा सोनेरी संच आणि दोन सीडींचा संच, अशा दोन रूपांत.

समीक्षक म्हणून इथे काय म्हणावे? या आवृत्तीचा मोठा गुण असा, की कोणती फीत वापरली हे ती स्पष्ट सांगते. सोन्याच्या तबकडीसाठी काय निवडले गेले हे ज्याला ऐकायचे आहे, त्याच्यासाठी ही प्रत विश्वासार्ह आहे. पण प्रतींची साखळी मोजून पाहा : केसरबाईंचे गाणे, त्याची पहिली कोरणी, तिच्यावरून निघालेली रेकॉर्ड, तिच्यावरून १९७७ ची फीत, फितीवरून २०१७ ची तबकडी. फितीत जे उतरले नव्हते ते पुढच्या कोणत्याही तबकडीत येणार नाही. १९७७ च्या फितीशी प्रामाणिक असणे आणि केसरबाईंच्या गाण्याशी प्रामाणिक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी साधली असे होत नाही. दुसरीसाठी त्या रेकॉर्डची सर्वांत चांगली शिल्लक प्रत शोधून, योग्य सुई, वेग आणि समतोल ठरवून नव्याने काम करावे लागेल. आणि सोनेरी एल.पी. घेणाऱ्याला सीडीवाल्यापेक्षा अधिक केसरबाई मिळतात, असेही समजू नये. दोघांचा आड एकच आहे. एल.पी.च्या संचाची देखणी बांधणी आणि चित्रे ज्याला हवी असतील, त्याने तो जरूर घ्यावा.

कान काय सांगतो, वेष्टन काय सांगते

‘पण आम्हाला फरक ऐकू येतो!’ असे अनेक रसिक सांगतात. त्यांना खोटे ठरवण्याची घाई नको. तपासण्याची सोय करावी. बॉस्टनमधील मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा ध्वनी एकदा थेट ऐकवला आणि एकदा मध्ये सीडीच्या प्रतीचा टप्पा घालून ऐकवला. कोणता कधी, हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. तरीही त्यांनी नोंदवले, की या महागड्या तबकड्या नेहमीच्या सीडींपेक्षा अनेकदा खरोखरच चांगल्या वाजतात, कारण त्या अधिक काळजीने तयार केलेल्या असतात! आवाज सुधारला होता तो पोहऱ्यामुळे नव्हे, शेंदणाऱ्यामुळे. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला. बरोबर उत्तरे शेकडा ५२ च्या थोडी वर भरली. फरक शून्य नाही, पण फार लहान आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतील कंपनी मूळ फितीवरून केलेल्या महागड्या एल.पी.साठी प्रसिद्ध आहे. संगणकाचा स्पर्श नसलेला आवाज म्हणून जाणकार त्या वाखाणत. २०२२ मध्ये उघड झाले, की त्यांतल्या अनेक एल.पी. तयार होताना मध्ये डिजिटल टप्पा होता आणि तो काही वर्षांपासून होता. ग्राहक न्यायालयात गेले. इतकी वर्षे तो टप्पा कानांना कळला नव्हता, पण वेष्टनाने जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही, हा दोष तरी उरतोच. यातून दोन्ही बाजूंनी शिकावे : कान वेष्टन वाचून ऐकतात, म्हणून वेष्टनाने खरे सांगितले पाहिजे.

वर्गात करून पाहा

खामगावच्या चांदीच्या पेढीवर चमक पाहून भाव ठरत नाही. कस लावून ठरतो. तबकडीचा कस शाळेतही लावता येतो. एक संगणक आणि ऑडॅसिटी हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम एवढे पुरे.

प्रयोग पहिला : एका विद्यार्थ्याला पंखा चालू ठेवून कविता म्हणायला सांगा आणि ती मुद्रित करा. मग खरखर काढण्याची सोय वापरून पंख्याचा आवाज काढा. त्याच सोयीत ‘काढून टाकलेले तेवढेच ऐकवा’ असाही पर्याय असतो. तो ऐका. नुसता पंखा ऐकू आला तर सफाई योग्य. कवितेचे शब्द ऐकू आले तर कोंड्याबरोबर दाणे गेले. सफाई हळूहळू वाढवत नेऊन दाणे कोठे उडू लागतात ते मुलांना शोधू द्या.

प्रयोग दुसरा : एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्या. आधी दोघींचा मोठेपणा प्रोग्रॅममध्येच सारखा करा. ही पायरी गाळू नका. आवाज किंचित मोठा असला की तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि बऱ्याच रिमास्टर प्रतींची जादू एवढीच असते. मग नाणे उडवून पहिली की दुसरी ते ठरवा, ऐकणाऱ्याला न सांगता वाजवा आणि ओळखायला सांगा. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११ एवढी आहे. गणिताच्या तासाला ती काढून पाहावी. नऊ बरोबर आली तर फरक ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. त्यातली चांगली कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

काय मागावे?

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या संग्राहकांनी रेकॉर्डचे क्रमांक, कंपन्या आणि काळ यांच्या नोंदी चिकाटीने जमवल्या. संस्थेचा भार वाहणारे सुरेश चांदवणकर व्यवसायाने वैज्ञानिक होते, यात आम्हाला नवल वाटत नाही. नमुना कोठून आला हे न लिहिता निष्कर्ष मांडला तर प्रयोगशाळेत कोणी तो स्वीकारत नाही. जुन्या गाण्याची नवी तबकडी काढणाऱ्यानेही चार ओळी लिहाव्यात : मूळ रेकॉर्डचा क्रमांक, ती कोणाच्या संग्रहातली, कोणत्या वेगाने वाजवली आणि सफाई किती केली. शक्य तर न झाडलेली प्रतही सोबत द्यावी.

ही मागणी हौशी रसिकांपुरती नाही. लाखेची रेकॉर्ड हातातून पडली की फुटते. घरोघरच्या किती तरी रेकॉर्ड रद्दीत गेल्या. मूळ प्रत नाहीशी झाली की नवी तबकडी हाच पुरावा ठरतो आणि पुढची पिढी तिच्यावरूनच केसरबाई किंवा अब्दुल करीम खाँ कसे गात होते ते ठरवणार. तेव्हा शाळेसाठी तबकडी निवडताना बिटचा आकडा शेवटी पाहा. आधी या चार ओळी शोधा. त्या ज्या तबकडीवर असतील ती साधी सीडी असली तरी घ्या; आणि गावात कोणाच्या माळ्यावर ७८ च्या रेकॉर्ड पडून असतील, तर त्या भंगारात जाण्याआधी त्यांच्यावरचे क्रमांक मुलांकडून वहीत उतरवून घ्या.